नोकरी सोडून कंपनी काढतोय. ‘स्टार्टअप इंडिया’चा खरंच काही फायदा होतो का?

या सरकारी योजनेत ‘ही स्टार्टअप आहे’ असं मान्यतेचं प्रमाणपत्र मिळतं, ते काढून ठेवा, फुकट आहे. पण ‘१०,००० कोटींचा निधी आहे, त्यातले थोडे आपल्यालाही मिळतीलच’ असं जे तुम्ही लिहिलंय ना, हेच वाक्य माझा भागीदार २०१८ साली रोज ऐकवायचा, म्हणून लिहायला बसलो. २०१६च्या त्या निधीतून तुमच्या-माझ्या खात्यात थेट काही येत नाही. सिडबी, म्हणजे लघुउद्योगांसाठीची सरकारी बँक, ते पैसे व्हेंचर फंडांना (नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्यांना) देते आणि फंडवाले जिथे परतावा दिसेल तिथे लावतात.

आम्ही टाकीतल्या पाण्याची पातळी मोबाइलवर दाखवणारं यंत्र बनवायचो. भागीदार दिवसभर पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड, रंगवायचा, मी गिऱ्हाईक शोधत फिरायचो. एका सरकारी कार्यालयाने २२ यंत्रं घेतली. बिल ६ लाख ८० हजार. यंत्रं बसली, चालू झाली, साहेबांनी शेजारी उभं राहून फोटोही काढून घेतले. मग फाइल लेखा शाखेत गेली ती तिथेच मुक्कामाला. आधी ‘अहवालावर शिक्का नाही’. शिक्का आणला तर ‘अनुदान आलं नाही’. अनुदान आलं तोवर साहेबांची बदली, आणि नवे साहेब म्हणाले, ‘हे माझ्या काळातलं नाही.’ बिल फाडलं की जीएसटी भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. ते लाखभर रुपये बायकोची एफडी मोडून भरले. १४ महिन्यांनी पैसे जमा झाले, ३१ मार्चला, रात्री साडेनऊला. तोवर भागीदार नोकरीला लागला होता.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. सरकारने मेळावे आणि स्पर्धा बंद कराव्यात आणि स्वतः घेतलेल्या मालाचे पैसे वेळेत द्यावेत. इस्रायलने १९९३मध्ये ‘योझ्मा’ या सरकारी व्हेंचर फंडात १० कोटी डॉलर घातले, हे प्रत्येक परिसंवादात ऐकायला मिळतं. आपल्याच २००६च्या कायद्यात लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्या असं लिहिलंय, तो विषय स्टेजवरून कुणी काढत नाही.

हां, खरं सांगायचं तर त्या सरकारी कार्यालयाचं टेंडर मिळालं प्रमाणपत्रामुळेच. ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत, माफ झाली, आधीच्या उलाढालीची अट शिथिल झाली. आणि अर्ज भागीदारानेच भरला होता. पण निधी नाहीच मिळाला शेवटी, मी म्हणत होतो तसंच! तुम्ही बाहेरच्या देशात सॉफ्टवेअर विकणार असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. २०२१च्या सीड फंडात प्रोटोटाइपसाठी (पहिल्या नमुन्यासाठी) २० लाखांपर्यंत अनुदान आहे, पण इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत, हप्त्याहप्त्याने, आणि अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. अर्ज अजून घेत असतील तर जरूर करा, घरखर्च त्यावर धरू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, मात्र पहिला माल देण्याआधीच करा, म्हणजे उशिराबद्दल चक्रवाढ व्याज मागता येतं. आणि डिलिव्हरी चलनावर सहीसोबत तारीख घ्या. आमच्या चलनावर सही होती, तारीख नव्हती. ४५ दिवस मोजायचे कुठल्या दिवसापासून, या वादातच चार महिने गेले.