आडवा वारा, तिरकं विमान

या वेळी वाचकांच्या पत्रांत तीन पत्रं अशी निघाली की तिन्हींचा विषय विमानंच, त्यामुळे बाकीचे प्रश्न (टाकीतलं शेवाळ, इन्व्हर्टरची बॅटरी वगैरे) पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : सर, आम्ही कालानी नगरला राहतो, विमानं घरावरूनच जातात म्हणा ना. माझा नातू सहावीत आहे, त्याला मोबाईलवर परदेशातल्या वादळांत विमानं उतरतानाचे व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. मागच्या महिन्यात संध्याकाळी आंधी आली, आधी धूळ मग टपोरे थेंब, लाईट गेली आणि हा गच्चीवर. मी ओरडत वर गेले तर म्हणतो आजी ते बघ तिरकं येतंय. आणि खरंच हो, तोंड एकीकडे आणि चाललंय दुसरीकडे, रस्त्यावरचं कुत्रं कसं मागचं अंग एका बाजूला काढून पळतं तसं. मला धडकीच भरली. दिवाळीत मुलीकडे पुण्याला जायचंय, तिकिटं काढून झालीत. पायलट चुकला होता का? खरं काय ते सांगा.
— एक आजी, कालानी नगर, इंदूर

उत्तर : तुम्ही आजी लिहिलंय पण मी स्वतः सत्तरीचा, तेव्हा ताईच म्हणतो. तर ताई, पायलट चुकला नव्हता, उलट तो तिरका आला नसता तर चुकला असता. आणि कुत्र्याची उपमा इतकी फिट आहे की मी ती आता सगळीकडे वापरणार.

ओंकारेश्वरला तुम्ही गेलाच असाल. अलीकडच्या घाटावरून नावेत बसून पलीकडे देवळाच्या बाजूला जाताना नावाड्याकडे नीट बघा, नर्मदेला धार असली की तो नावेचं तोंड समोरच्या पायऱ्यांकडे ठेवतच नाही, धारेच्या वरच्या अंगाला वळवून ठेवतो, आपल्याला वाटतं हा कुठे भलतीकडे चाललाय, पण नाव तिरकी राहून बरोब्बर पायऱ्यांनाच लागते. तोंड सरळ पायऱ्यांकडे ठेवलं असतं तर धारेने खाली नेऊन सोडलं असतं. विमानाचं तेच. ज्या हवेत ते उडतंय ती सगळी हवाच एका बाजूला सरकत असते, म्हणून नाक थोडं वाऱ्याकडे वळवून ठेवायचं, मग जमिनीवर त्याची वाट रनवेच्या रेषेतच राहते. इंग्रजीत याला क्रॅब म्हणतात, म्हणजे खेकडा. आत बसलेल्याला यातलं काही कळत नाही, ग्लासातलं पाणी सुद्धा एका बाजूला कलत नाही, कारण हवेच्या हिशोबाने विमान अगदी सरळच चाललेलं असतं. हेलकावे बसतात ते झोतांचे, त्यांचा या तिरकेपणाशी संबंध नाही.

आता किती तिरकं, ते नातवाला घेऊन कागदावर काढा. आपल्या विमानतळाच्या रनवेचा नंबर एका टोकाला ०७ आणि दुसऱ्या टोकाला २५, हे घरनंबरासारखे नुसते दिलेले नाहीत, त्या दिशा आहेत, शेवटचं शून्य उडवलेल्या. ०७ म्हणजे ७० अंश, २५ म्हणजे २५० अंश. शहराच्या बाजूने तुमच्या गच्चीवरून जाऊन उतरतात ती २५ वर. समजा आंधीचा वारा वायव्येकडून, ३१० अंशांवरून, २५ नॉटने येतोय (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तर हा झाला साधारण ताशी ४६). ३१० मधून २५० गेले, राहिले ६० अंश. यातला आडवा वारा किती ते काढायला वैमानिकांची एक घड्याळाची युक्ती आहे, अंशांना मिनिटं समजायचं, १५ म्हणजे पाव, ३० म्हणजे अर्धा, ४५ म्हणजे पाऊण आणि ६० किंवा त्याच्या वर म्हणजे जवळजवळ पूर्ण. पाव-अर्धा-पाऊण तर आपल्या हाडात आहे, कॅल्क्युलेटर लागतच नाही. नेमकं काढलं तर इथे आडवा वारा २२ नॉटच्या आसपास येतो आणि विमान उतरतंय १३५ नॉटने, म्हणजे नाक वळलेलं असेल नऊ-दहा अंश. बस्स एवढंच. मोबाईलवर ते तीस अंश वाटतं कारण ते लोक रनवेच्या सरळ रेषेत उभे राहून मोठ्या झूम लेन्सने घेतात, त्यात दोन-तीन किलोमीटरचं अंतर चपटं होतं आणि तिरकेपणा तेवढा उठून दिसतो.

खरं काम शेवटच्या चार-पाच सेकंदांत असतं. विमानाची मागची मोठी चाकं सायकलच्या पुढच्या चाकासारखी वळत नाहीत, तिरकं विमान तसंच टेकलं तर ती आडवी घासतात, सगळा भार चाकांच्या दांड्यांवर येतो (अमेरिकेच्या बी-५२ बॉम्बरची चाकं म्हणे वीसेक अंश वळवून ठेवता येतात, विमान तिरकं आणि चाकं सरळ, पण ती चैन लष्कराची). म्हणून जमिनीपासून साधारण तीस फुटांवर नाक वर घेता घेता पायलट पायाने रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल दाबतो, नाक रनवेच्या रेषेत येतं, आणि त्याच वेळी हाताने वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरून ठेवतो नाहीतर वारा तो पंख उचलतो. पाय एकीकडे हात दुसरीकडे, आणि हे सगळं लवकर केलं तर वारा रनवेवरून बाजूला ढकलतो, उशिरा केलं तर तिरकंच टेकतं. पंख फार खालीही धरता येत नाही कारण एअरबस-बोइंगची इंजिनं पंखाखाली लटकलेली, ती घासतील. आपल्याकडे जी पंख्याची छोटी एटीआर विमानं येतात त्यांचे पंख वरती असतात, त्यामुळे ती जरा जास्त कलून एका चाकावर आधी टेकलेली दिसतील, नातवाला सांगा बघायला.

आणि एक, दिवाळीत नाही पण कधी पावसात उतरताना विमान धाडकन आपटलं तर पायलटला नावं ठेवू नका. ओल्या रनवेवर आणि आडव्या वाऱ्यात ते मुद्दाम ठाम टेकवतात. अलगद टेकवायच्या नादात विमान तरंगत राहतं आणि तेवढा रनवे मागे पडतो, आपला रनवे साधारण पावणेतीन किलोमीटरचा, तो काही रबराचा नाही. चाकांनी पाण्याचा थर फोडून जमीन पकडायला हवी, वजन चाकांवर यायला हवं, तरच ब्रेक लागतात. टाळ्या वाजवायच्या तर खरं म्हणजे त्या धाडकनला वाजवाव्यात.

मर्यादा आहेत का? आहेत. एअरबस ए३२० साठी झोतांसकट ३८ नॉटपर्यंतच्या आडव्या वाऱ्यात लँडिंग चाचणीत करून दाखवलेलं आहे, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. हा आकडा विमान मोडायचा नाही, चाचणीत तेवढा वारा मिळाला आणि तेवढ्यात सरळ उतरवून दाखवलं एवढाच त्याचा अर्थ. कंपन्या ओल्या रनवेला त्याच्या खालचीच मर्यादा ठेवतात. मला स्वतःला आडव्या वाऱ्याची भीती वाटत नाही, भीती वाटते ती गडगडाटी ढगाची, कारण त्याच्याखाली थंड हवेचा लोंढा धबाबा खाली येऊन चारी बाजूंना पसरतो, त्यातून जाताना विमानाला आधी समोरचा वारा मिळतो आणि काही सेकंदांत तोच पाठीमागून, वेग एकदम गळतो. १९८५ च्या २ ऑगस्टला अमेरिकेत डॅलसला एक मोठं विमान असंच पडलं, त्यानंतर विमानांत आणि विमानतळांवर याचा इशारा देणारी यंत्रं आली. म्हणून आंधी ऐन विमानतळावर असली की विमान वर घिरट्या घालत थांबतं नाहीतर भोपाळ-अहमदाबाद गाठतं. प्रवासी चिडतात, चिडू द्यात.

नातू बघतो ते व्हिडिओ बहुतेक लंडनचेच असणार. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळ आलं तेव्हा एक गृहस्थ हीथ्रोच्या बाहेर आपल्या गाडीच्या टपावर उभे राहून लाईव्ह दाखवत होते आणि एका वेळी दोन लाखांच्या वर लोक ते बघत होते, क्रिकेट कॉमेंट्रीसारखं. एअर इंडियाचं ड्रीमलायनर पण त्या दिवशी तिथे उतरलं. गंमत अशी की हीथ्रोचे रनवे पूर्व-पश्चिम आणि वारा बराचसा पश्चिम-नैर्ऋत्येकडून, म्हणजे आडवा भाग त्यामानाने कमीच, विमानं नाचत होती ती झोतांमुळे, आत्ता ३५ नॉट तर पुढच्या क्षणी ५५ असं. ज्या विमानांना जमलं नाही ती सरळ परत वर गेली.

आता खरी काळजी. ताई, तुमच्या पत्रात मला विमानापेक्षा तो पोरगा जास्त दिसतोय, आंधीत, गच्चीवर, लोखंडी जिन्यापाशी नाहीतर पाण्याच्या टाकीपाशी उभा. त्या संध्याकाळी त्या चित्रात धोक्यात कोण असेल तर विमानातले दीडशे लोक नव्हेत, तो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजायला शिकवा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आवाज आला की खाली यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. जिन्याच्या खोलीतून पण नाही. हॉलच्या खिडकीतून दिसेल तेवढं विमान पुष्कळ झालं.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आम्ही बडोद्याला उतरत होतो, दांडिया बाजारात सासर आहे. चाकं टेकणारच होती तेवढ्यात इंजिनं जोरात ओरडली आणि विमान परत वर. मुलगी रडायला लागली, शेजारचे काका म्हणाले पायलट नवीन दिसतोय. पाच-सात मिनिटं कॉकपिटमधून कोणी एक शब्द बोललं नाही, मग वीस मिनिटांनी उतरलो. काय झालं असेल?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : याला गो-अराउंड म्हणतात आणि शेजारच्या काकांना माझा निरोप द्या की नवीन पायलटलाही ते पहिल्यापासून घोटवून घेतलेलं असतं. नियमच आहे, ढगांतून येताना हजार फुटांपर्यंत वेग, उतार, दिशा सगळं जागेवर बसलेलं हवं, नसेल तर वाद न घालता वर. त्याच्या खाली सुद्धा झोत आला, पावसाने रनवे दिसेनासा झाला, पुढचं विमान अजून रनवेवरच आहे, काहीही कारण असू शकतं. चाकं टेकल्यावर पण वर जाता येतं, फक्त इंजिनांचा उलटा जोर चालू केला की मग थांबायचंच.

तुमच्या बाबतीत आडवा वारा असेल असं मला वाटत नाही. बडोद्याचा रनवे ०४ आणि २२, म्हणजे पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा जवळजवळ सरळ नाकावर येतो, ज्यांनी तो आखला त्यांनी वारा बघूनच आखला. पावसाची सर किंवा झोत, यातलं काहीतरी असेल.

बोलले नाहीत कारण त्या वेळी दोघांचे हात भरलेले असतात, पूर्ण जोर द्यायचा, चाकं आत घ्यायची, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) कमी करायचे, टॉवरला सांगायचं, नवी उंची नवी दिशा. शिकवतातच तसं की आधी विमान उडव, मग दिशा सांभाळ, मग बोल, आणि बोलण्यात सुद्धा प्रवाशांचा नंबर टॉवरच्या नंतर. तेल संपेल अशीही भीती नको, दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं आणि त्याच्या वर तीस मिनिटांचं तेल ठेवूनच निघतात.

३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल चक्रीवादळात चेन्नईला मुंबईहून आलेलं एक एअरबस असंच टेकता टेकता डुगडुगलं आणि वर गेलं, तो व्हिडिओ तुम्हाला पण व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल, खाली 'बाल बाल बचे' लिहिलेला. आणि १ मार्च २००८ ला हॅम्बुर्गला तर ए३२० च्या डाव्या पंखाचं टोक रनवेला घासलं, वारा उजवीकडून इतका होता. ते पण वर गेले, वळून दुसऱ्या रनवेवर आले जिथे वारा जास्त समोरून होता, आणि कोणाला खरचटलं सुद्धा नाही. मुलीला हे दुसरं आत्ताच सांगू नका.

प्रश्न : ग्वाल्हेरला विमानांचे फोटो काढायला चांगली जागा कोणती? कॅमेरा नवीन घेतलाय.
— एक कॉलेज विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : बाळा, एकही नाही. तो हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानं त्यांच्याच रनवेवर उतरतात, कुंपणाजवळ नवीन लेन्स घेऊन उभा राहिलास तर कॅमेरा जाईल आणि घरच्यांना बोलावतील ते वेगळं. किल्ल्यावर जाऊन पक्ष्यांचे काढ, घारी पण आडव्या वाऱ्यात तिरक्याच उडतात.

विमानांचाच नाद असेल तर मेटार वाचायला शीक, विमानतळाचं अर्ध्या अर्ध्या तासाचं हवामान, नेटवर फुकट मिळतं. त्यात केटीने संपणारा एक आकडा असतो, पहिले तीन अंक वाऱ्याची दिशा, पुढचे दोन वेग, आणि मध्ये जी आला तर त्याच्या पुढचे झोताचे. ३१०२५जी३८केटी असं दिसलं की घड्याळाची युक्ती लाव. हे कालानी नगरच्या नातवासाठी पण आहे, खिडकीत बसून करायचं.