वाचकांचे प्रश्न : टेकडीवर शंभर रोपं लावायची आहेत

प्रश्न : आम्ही सोसायटीतल्या बाराजणी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो. गेल्या जुलैत वाढदिवसांच्या निमित्ताने चाळीस रोपं लावली, बहुतेक वड, पिंपळ, गुलमोहर. आता सहा उरलीत. यंदा शंभर लावायचं ठरतंय. कोणती लावू आणि ती जगतील कशी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, शंभर नको, दहा लावा. तुमची चौतीस रोपं मार्च ते मे या तीन महिन्यांतच गेली असणार. टेकडीवर माती कुठे वीतभर, कुठे चार बोटं, आणि खाली मुरूम नाहीतर काळा कातळ. पावसाळ्यात काहीही लावलं तरी हिरवं दिसतं, खरं काम होळीनंतर सुरू होतं. टेकडीवर झाडं जपणाऱ्या आमच्या गटात प्रत्येक रोप कोणा ना कोणाच्या नावावर असतं. त्या माणसाने पाच लिटरचा कॅन घेऊन आठवड्यातून दोनदा चढायचं, सलग तीन उन्हाळे. ज्याला हे जमणार नाही त्याने रोप लावू नये, असं मी तोंडावर सांगतो. माणसं नाराज होतात, पण रोपं जगतात.

गुलमोहर मादागास्करचा, त्याला रस्त्याकडेला राहू द्या. इथे सालई, मोई, गणेर, पांगारा, मेडशिंगी, काळा कुडा, हिवर लावा. मोईची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर खोचली तरी फुटते. शेतकरी कुंपणाला उगाच नाही तिला लावत.

जागेबद्दल मात्र माझं ऐका. पठारावरचं गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे. सुरुवातीच्या काळात आम्हीही तिथेच रांगेत खड्डे घेतले होते. एका खड्ड्याची माती मी शेजारच्या कुसळीच्या झुबक्यावर ओढली, तेव्हा त्यातून डोंबारी चंडोलाची मादी उडाली. गुराच्या खुराच्या ठशाएवढा खळगा, आत काड्यांचं अस्तर आणि ठिपक्यांची दोन अंडी. माती हाताने बाजूला केली, लांब जाऊन बसलो, ती परत आली नाही. त्यानंतर मी गवतात कुदळ मारलेली नाही. चंडोल, माळटिटवी, तित्तिर यांना झाडांची गर्दी नको असते, त्यांना उघडा माळ लागतो.

मग लावायचं कुठे? काही दशकांपूर्वी उतारांवर गिरिपुष्पाच्या झाडांची (ग्लिरिसिडिया) लागवड झाली, त्याच्या दाट सावलीत गवत केव्हाच संपलं आहे. तिथल्या मोकळ्या फटींत लावा. टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे, त्यामुळे आधी परवानगी घ्या. उजेडासाठी गिरिपुष्पाच्या फांद्या छाटायच्या असतील तर तेही त्यांनाच विचारा, स्वतः कोयता चालवू नका. खड्डे मे महिन्यात घेऊन उन्हात तापू द्या. पावसानंतर आळ्यात वाळल्या पाल्याचं जाड आच्छादन ठेवा, पाणी निम्मं लागतं.

आणि वणवा. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळलं की खात्याची माणसं जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत हटवलेले पट्टे, काढतात, तेव्हा मदतीला जा. पाच वर्षं जपलेली आमची एकोणीस रोपं फेब्रुवारीतल्या एका दुपारी गेली. रोपं लावण्यापेक्षा या कामाला माणसं जास्त लागतात आणि येतात सगळ्यांत कमी.

प्रश्न : पावसाळ्याच्या शेवटी टेकडी केशरी-पिवळ्या फुलांनी भरते. इतकी सुंदर फुलं तुम्ही लोक उपटताना दिसलात. का?
– एक वाचक, पाषाण

उत्तर : तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा, बागांतून सुटून टेकड्यांवर आला. फुलांचे फोटो काढायला गर्दी होते ते मीही पाहतो, पण त्याच जागी पूर्वी तेरडा, सोनकी आणि पवन्या गवत असायचं. कॉसमॉस कमरेएवढा वाढतो आणि खालच्या कशालाच ऊन मिळू देत नाही. त्याची काळी, सुईसारखी बी चपलेत, पायमोज्यात अडकून पुढच्या वाटेवर पोचते. म्हणून फुलायच्या आधी, ऑगस्टमध्ये, माती ओली असताना उपटायचा. दोन बोटांत धरला की सहज येतो, लहान मुलंही भराभर काढतात. एकदा आमच्याबरोबर या. उपटलेली रोपं जमिनीवर टाकू नका, मुळं वर करून दगडावर ठेवा. जमिनीवर पडली तर पुढच्या सरीत पुन्हा जीव धरतात.