सिलेक्टर स्विच फिरवताना होणारा आवाज

प्रश्न : मी घरी स्टिरिओ अँप्लिफायर तयार केला आहे. मोबाइल, रेडिओ आणि सीडी प्लेअर यांतून निवड करण्यासाठी चार पोल, तीन वे रोटरी स्विच (चार वेगळ्या तारा एकाच वेळी तीन जागांवर फिरवणारा गोल स्विच) बसवला असून त्याचे दोन पोल डाव्या-उजव्या सिग्नलना आणि उरलेले दोन त्यांच्या ग्राउंडना, म्हणजे परतीच्या तारांना दिले आहेत. स्विच फिरवताना ‘घुर्र’ आणि ‘टप्प’ असे आवाज येतात. शिवाय मोबाइलची पिन काढली, की त्याच्या जागेवर रेडिओ बारीक ऐकू येतो. स्विच खराब असेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या वर्णनावरून स्विच चांगला असावा, दोष जोडणीत आहे. स्विच सरकताना ग्राउंड क्षणभर तुटते आणि तेवढ्या वेळात अँप्लिफायरचे इनपुट आधाराविना राहून घरातील विजेची गुणगुण उचलते, म्हणून ‘घुर्र’ होते. तिन्ही साधनांची ग्राउंड कायमची एकत्र जोडून अँप्लिफायरच्या ग्राउंडला न्या आणि स्विचमधून फक्त सिग्नल फिरवा. दोन पोल रिकामे राहिले तरी चालेल.

रेडिओ ऐकू येण्याचे कारण अधिक रंजक आहे. स्विचच्या शेजारच्या दोन टोकांत नकळत एक लहानसा कपॅसिटर तयार होतो. तो 2 पिकोफॅरडचा धरला, तर 10 किलोहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे 80 लाख ओहम होतो. मोबाइल जोडलेला असताना त्याचे आउटपुट इतक्या कमी ओहमचे असते, की झिरपलेला सिग्नल तिथेच विरतो. पिन काढल्यावर मात्र समोर फक्त आपला व्हॉल्यूम कंट्रोल उरतो. तो 100 किलोओहमचा असेल, तर रेडिओचा सुमारे ऐंशीवा भाग पुढे जातो, आणि त्यातही तीव्र स्वर जास्त. आपल्याला ऐकू येणारा रेडिओ पातळ, खरखरीत वाटत असेल, तो यामुळेच.

प्रत्येक इनपुटच्या डाव्या आणि उजव्या टोकापासून ग्राउंडला 10 किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावा; एकूण सहा लागतील. त्यामुळे ही गळती साधारण दशांशावर येईल. ‘टप्प’ आवाजही बहुधा त्यानेच थांबेल, कारण साधनाच्या आउटपुट कपॅसिटरवर साठलेला विद्युतभार स्विच फिरवण्याआधीच ग्राउंडला निघून जाईल.

सोल्डरिंगपूर्वी मल्टिमीटरने टोके तपासा. सहसा मधली टोके ए, बी, सी, डी अशी, तर बाहेरची 1 ते 12 अशी असतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (टोके आपसांत जोडलेली असल्यास बीप वाजते त्या सेटिंगवर) ठेवून त्याची दोन टोके 1 आणि 2 यांना लावा आणि स्विच हळू फिरवा. क्षणभर बीप वाजला, तर तो स्विच जुनी जोडणी सुटण्याआधी नवी जोडतो. अँमीटरच्या रेंज बदलण्यासाठी असाच स्विच लागतो. आपल्या कामात मात्र तो दोन साधनांची आउटपुट एकमेकांना भिडवील, म्हणून तसा निघाल्यास तो अवश्य बदला.