अटलांटाहून सिव्हिल राइट्स चळवळीच्या जागा बघायच्या आहेत. कुठे जावं आणि गाइड घ्यावा का?

मुलीकडे अटलांटाला येताय, हाताशी दोन-तीन दिवस आहेत, कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याच्या जागा बघायच्या आहेत. गाइडला पैसे द्यावेत की फोनवर नकाशा उघडून आपलं आपण फिरावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे. एक अख्खा दिवस अलाबामातल्या माँटगोमेरीला द्या आणि तिथे गाइड घ्याच. तोही बसच्या खिडकीतून इमारती दाखवणारा नको, पायी फिरवणारा हवा.

मी याच भागात राहते आणि भारतातून कुणी आलं की आवर्जून तिकडे घेऊन जाते. गाडीने साधारण अडीच तास लागतात. अलाबामातलं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे असतं, त्यामुळे सकाळी लवकर निघालात तर भरपूर वेळ हाताशी राहतो.

पायी कशासाठी, तर तिथली अंतरं डोळ्यांनी बघण्यासारखी आहेत. डेक्स्टर अॅव्हेन्यूच्या एका टोकाला कोर्ट स्क्वेअरचं कारंजं आहे आणि दुसऱ्या टोकाला राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन. मध्ये एक किलोमीटरही नाही. कारंज्याच्या परिसरात गुलामांचे लिलाव होत. त्याच चौकातल्या विंटर बिल्डिंगमधून एप्रिल १८६१ मध्ये केंद्राच्या सैन्याच्या ताब्यातल्या फोर्ट समटर किल्ल्यावर हल्ला करायला मुभा देणारी तार गेली आणि अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. त्याच चौकात १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या आणि गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून त्यांना अटक झाली. रस्ता चढून वर गेलं की कॅपिटॉलच्या अलीकडे विटांचं एक छोटं चर्च लागतं. मार्टिन ल्यूथर किंग १९५४ पासून १९६० पर्यंत तिथे पास्टर होते. कॅपिटॉलच्या पायऱ्यांच्या वर, जिथे जेफरसन डेव्हिसने गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली तिथे, एक तारा बसवलेला आहे. आणि त्याच पायऱ्यांच्या खाली २५ मार्च १९६५ ला, सेल्मा गावाहून मतदानाच्या हक्कासाठी निघालेला मोर्चा पोचल्यावर, किंग सुमारे २५ हजार लोकांपुढे बोलले. हे सगळं वीस मिनिटांच्या चालीत येतं. जागोजागी पाट्या आहेत, पण पाटी तिच्यापुरतंच सांगते. या पाटीचा त्या पाटीशी काय संबंध, ते चांगला गाइड सांगतो.

गाइड चांगला आहे हे कसं ओळखायचं? बुकिंग करताना विचारा की क्लॉडेट कोल्विन आणि जो ॲन रॉबिन्सन यांच्याबद्दल सांगणार का. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं की दिवसभराच्या कामाने दमलेली एक शिवणकाम करणारी बाई जागेवरून उठली नाही आणि क्रांती झाली. ही गोष्ट त्या माणसांच्या कष्टांवर अन्याय करते. पार्क्स बाई कित्येक वर्षं एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सेक्रेटरी होत्या आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत कार्यकर्त्यांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्यांच्या आधी, २ मार्च १९५५ ला, १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनला याच कारणावरून अटक झाली होती. बसमधल्या गोऱ्या-काळ्यांच्या विभागणीविरुद्धचा जो खटला सुप्रीम कोर्टात जिंकला, तो पार्क्स यांचा नव्हताच. त्यातल्या चार वादींमध्ये क्लॉडेट होती. कोर्ट स्क्वेअरमध्ये २०१९ साली पार्क्स यांचा पुतळा बसला, त्याच्या जवळच या चौघींच्या नावाचे दगड आहेत. ते नक्की बघा. गाइड तिथे न थांबता पुढे गेला तर तुम्हीच थांबवा.

जो ॲन रॉबिन्सन कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. पार्क्स यांना अटक झाली त्याच रात्री कॉलेजात बसून, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना मदतीला घेऊन, त्यांनी शहरातल्या बसवर बहिष्कार घालण्याची हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली आणि सकाळी वाटायला काढली. बहिष्कार ३८१ दिवस टिकला. लोक मैलोन् मैल चालत कामाला गेले, सुमारे ३०० खासगी गाड्यांची व्यवस्था उभी राहिली, कोण कुठे उभं राहणार आणि कुठली गाडी कुणाला घेणार याची आखणी झाली. पेट्रोलचे पैसे? जॉर्जिया गिल्मोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी बायकांचा गट जमवून घरोघरी जेवण आणि 'पाय' (pie, एक भाजलेला पदार्थ) करून विकले. त्यांच्या गटाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर 'कुठूनच नाही' म्हणता यावं आणि गोऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बायकांच्या नोकऱ्या वाचाव्यात, हा त्यामागचा विचार. गिल्मोर बाईंची स्वतःची नोकरी मात्र गेली. किंग यांच्या भाषणांइतकंच हेही ऐकायला मिळायला हवं.

चालण्याच्या टूरमध्ये किंग राहत होते ते साउथ जॅक्सन स्ट्रीटवरचं घर बहुधा येत नाही, पण ते सोडू नका. धमकीचा फोन आल्यावर जानेवारी १९५६ मधल्या एका रात्री ते ज्या स्वयंपाकघरात बसून राहिले, ते बघता येतं. ३० जानेवारीला पुढच्या व्हरांड्यात बॉम्ब फुटला तेव्हा त्यांची पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी घरात होत्या. बाहेर चिडलेला जमाव गोळा झाला होता आणि किंग यांनी व्हरांड्यातूनच त्यांना शस्त्रं घेऊ नका म्हणून समजावलं. घर आणि चर्च, दोन्हीकडे आधी फोन करून वेळ ठरवा.

दुपारनंतर गुलामगिरीपासूनचा इतिहास सांगणारं लेगसी म्युझियम आणि लिंचिंगमध्ये, म्हणजे जमावाच्या हातून, मारल्या गेलेल्यांचं स्मारक. दोन्ही २०१८ साली सुरू झाली. इथे गाइड नको, एकट्याने फिरा. स्मारकात पोलादाचे ८०० हून जास्त स्तंभ आहेत, प्रत्येकावर एकेका काउंटीचं (जिल्ह्याचं) नाव आणि खाली माणसांची नावं. सुरुवातीला ते आपल्या उंचीला असतात, मग पायाखालची जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. म्युझियमला किमान तीन तास धरा. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर एक रात्र माँटगोमेरीतच मुक्काम करा, एका दिवसात सगळं झेपत नाही. उघडण्याचे वार आधी बघून घ्या.

अटलांटात ऑबर्न अॅव्हेन्यूचा भाग अर्ध्या दिवसात होतो. किंग यांची समाधी, एबेनेझर चर्च आणि जवळच गांधीजींचा पुतळा. हा भाग नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, प्रवेश मोफत आहे, तिथे वेगळा गाइड घेण्याची गरज नाही. शहराच्या पश्चिमेला अटलांटा विद्यापीठाचा परिसर आहे, कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस तिथे बरीच वर्षं प्राध्यापक होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. मराठी माणसाने तिथे एक चक्कर मारावीच.

तिसरा दिवस मिळाला तर अलाबामातलंच बर्मिंगहॅम. केली इनग्राम पार्क, जिथे मे १९६३ मध्ये शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले आणि पाण्याचे फवारे मारले, आणि समोरचं सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्च, जिथे त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या.

माँटगोमेरीचे बरेच गाइड तिथलेच असतात. टूर संपल्यावर त्यांना विचारा, त्या ३८१ दिवसांत तुमच्या घरातलं कोण कामावर कसं जायचं, आणि मतदार यादीत नाव कधी लागलं. आपल्याकडे १९५१-५२ मध्येच सगळ्या प्रौढांना मतदानाचा हक्क होता. इथे कृष्णवर्णीयांना परीक्षा आणि कर यांच्या आड मतापासून दूर ठेवलं जायचं, आणि ते रोखणारा कायदा ऑगस्ट १९६५ मध्ये आला. उत्तर ऐकायला वेळ काढून ठेवा, आणि निघताना १५-२० टक्के टिप द्या.