अल्बेरुनीने हिंदूंचे ग्रंथ कसे वाचले?

परधर्माचे ग्रंथ मुळातून वाचून, खंडनाचा हेतू न ठेवता त्यांची तुलना करणारा एखादा मुस्लिम विद्वान होऊन गेला का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे सर्वांत भक्कम उत्तर अल्बेरुनी हे आहे. सन ९७३ मध्ये मध्य आशियातील ख्वारिझम येथे जन्मलेला हा गणिती व खगोलज्ञ, १०१७ साली गझनीचा सुलतान महमूद याने तो प्रदेश जिंकल्यावर गझनीला आणला गेला. महमूदाच्या स्वाऱ्यांनी हिंदूंची धूळधाण झाली आणि त्यामुळे त्यांच्या मनात मुसलमानांविषयी कमालीचा तिटकारा बसला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तशा दिवसांत तो पंडितांकडे संस्कृत शिकत होता.

हे शिकणे सोपे नव्हते. एखादा शब्द पंडिताच्या तोंडून ऐकून अतिशय काळजीने टिपून घ्यावा, आणि पुन्हा म्हणून दाखवला तर तो त्यांना ओळखता येऊ नये, असे होत असे, ही त्याची तक्रार संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मला फार जवळची वाटते. तरीही त्याने पतंजलीचा योगविचार प्रश्नोत्तररूपाने अरबीत उतरवला.

१०३० च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या ‘किताब-उल-हिंद’मध्ये ऐंशी प्रकरणे आहेत. हा वादाचा ग्रंथ नव्हे, हिंदूंचे म्हणणे आहे तसे मांडून त्याशेजारी ग्रीकांचे तत्सम विचार ठेवीन, असे तो प्रस्तावनेतच सांगतो. ईश्वराविषयी लिहिताना तो पतंजली आणि गीता यांचे उतारे देतो. मोक्षाच्या प्रकरणात सूफींची वचनेही येतात: साप कात टाकतो तसे मी माझे मीपण टाकले आणि पाहिले तर मी ‘तो’च होतो, हे अबू यझीद बिस्तामीचे उद्गार त्याने योगविचाराच्या पंक्तीला बसवले आहेत.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मूर्तिपूजेवरील प्रकरण. सामान्य माणसाचे मन डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूकडे ओढ घेते, असे सांगून तो म्हणतो की अशिक्षित मुसलमानाला पैगंबरांचे किंवा मक्केचे चित्र दाखवले, तर तोही आनंदाने त्याचे चुंबन घेईल. आपल्यातल्या पंडिताची दुसऱ्यांमधल्या अडाण्याशी तुलना करण्याची चूक बहुतेक जण करतात. ती त्याने येथे टाळली आहे.

तो टीका करत नाही, असे मात्र समजू नये. हिंदूंच्या गणित-ज्योतिषात मौल्यवान स्फटिक आणि साधे खडे एकत्र मिसळले आहेत, असे तो रोखठोक लिहितो, आणि पंडितांच्या अहंकारावरही कठोर बोलतो. बौद्धांविषयी त्याची माहिती तोकडी आहे, पण त्याचे कारणही तो लपवत नाही: बौद्धांचा ग्रंथ किंवा त्यांचे मत समजावून देणारा बौद्ध मनुष्य आपल्याला भेटलाच नाही, असे त्याने नमूद केले आहे.