वाचकांचे प्रश्न : स्वाद बदलला आणि केक बसला

प्रश्न : २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, १०० मिलिलिटर दूध, अंडी आणि दोन छोटे चमचे बेकिंग पावडर अशी साध्या केकची माझी नेहमीची कृती आहे. त्यात वेलची आणि संत्र्याची किसलेली साल घातली, तेव्हा केक उत्तम झाला. पुढच्या वेळी लोण्याऐवजी तितकीच ताहिनी (तिळाची पेस्ट) आणि दुधाऐवजी संत्र्याचा रस घातला, तर केक दडस आणि आतून चिकट झाला. असे का व्हावे?

उत्तर : वेलची आणि साल केवळ सुगंध देतात. त्यांचे प्रमाण थोडे कमीजास्त झाले, तरी केकच्या घडणीला धक्का लागत नाही. लोणी आणि दूध बदलले की मात्र स्निग्धांश, पाणी आणि आम्ल या तिन्हींचे गणित बदलते. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेले बहुतांशी पाणी असते. ताहिनीत स्निग्धांश ५५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि बाकीच्या भागातील तिळाची प्रथिने व तंतू मिश्रणातले पाणी शोषून घेतात. शिवाय लोणी आणि साखर एकत्र फेटताना जी हवा अडकते, ती ताहिनी तितकी धरून ठेवत नाही. दुसरीकडे, संत्र्याच्या रसातील आम्लाची बेकिंग पावडरमधील सोड्याशी लगेच प्रक्रिया सुरू होते, त्यामुळे बराचसा वायू मिश्रण भांड्यात असतानाच निघून जातो आणि ओव्हनमध्ये केक फुगवायला पुरेसा उरत नाही.

म्हणून सगळे लोणी काढू नये. ४० ग्रॅम लोणी कमी करून त्याच्या जागी ६० ग्रॅम ताहिनी घ्यावी, म्हणजे स्निग्धांश जवळजवळ तेवढाच राहतो. उरलेले ६० ग्रॅम लोणी साखरेबरोबर नेहमीसारखे हलके होईपर्यंत फेटावे आणि ताहिनी त्यानंतर घालावी. १०० मिलिलिटर रसासाठी पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घालावा आणि बेकिंग पावडर एक चमचा कमी करावी. रस अगदी शेवटी घालून मिश्रण लगेच ओव्हनमध्ये ठेवावे. ताहिनीत किंचित कडवटपणा असतो, तेव्हा चिमूटभर मीठ विसरू नये. माझ्या मते मिठाशिवाय तिळाची चव उमलतच नाही.

प्रश्न : गोड बनसाठी मैदा मळतानाच त्यात भरपूर दालचिनी पूड घातली, तर यीस्ट ताजे असूनही पीठ फुगत नाही.

उत्तर : दोष यीस्टचा नाही. दालचिनीला तिचा वास देणारे सिनामाल्डिहाइड हे द्रव्य बुरशीला रोखते, आणि यीस्ट हीदेखील एक बुरशीच आहे. त्यामुळे दालचिनी, साखर आणि मऊ लोणी एकत्र करून ते लाटलेल्या पोळीवर पसरावे आणि गुंडाळी करून काप पाडावेत. पिठातच मसाला हवा असेल, तर वेलची घ्यावी. स्वीडनचे वेलचीचे बन आणि फिनलंडचा पुल्ला यांत ती पिठातच मळली जाते आणि पीठ व्यवस्थित फुगते. दाणे ऐन वेळी जाडसर कुटले, तर सुगंध अधिक चांगला येतो.

प्रश्न : कृती २० सेंटीमीटर व्यासाच्या गोल भांड्याची आहे, माझ्याकडे १५ सेंटीमीटरचे आहे. साहित्य पाऊण पट घेऊ का?

उत्तर : नाही, निम्म्याहून थोडे अधिक घ्यावे. प्रमाण व्यासावर नव्हे, तळाच्या क्षेत्रफळावर ठरते : मोठ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर, लहानाचे १७७. तापमान तेच ठेवावे आणि केक थोडा आधी तपासावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. आग्नेय आशियाई पद्धतीच्या सूपमध्ये फिश सॉस वगळला की चव पोकळ लागते. नुसते मीठ वाढवून काही साधत नाही.

उत्तर : साधणारही नाही, कारण मासे आंबवून केलेला फिश सॉस खारटपणाबरोबर उमामी म्हणजे रश्श्यासारखी भरीव, खमंग चवही देतो. ही चव ग्लुटामेट या द्रव्यामुळे येते, हे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्रशैवालाच्या रश्श्यातून दाखवून दिले. वाळवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट हे दुसरे द्रव्य असते, आणि ही दोन्ही एकत्र आली की चव एकेकट्यापेक्षा कितीतरी गडद लागते. कोंबूचा तुकडा आणि सुके शिताके थंड पाण्यात रात्रभर भिजवावेत आणि तेच पाणी गाळून सूपसाठी वापरावे. कोंबू मिळत नसेल, तर टोमॅटोची पेस्ट थोड्या तेलात तपकिरी होईपर्यंत परतावी. टोमॅटोतही ग्लुटामेट भरपूर असते. खारटपणासाठी सोया सॉस घालावा. मात्र त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते, म्हणून वेगळे मीठ चव पाहूनच, सगळ्यांत शेवटी घालावे. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट) वापरणार असाल, तर सूप चुलीवरून उतरवल्यावर तो वाटीभर गरम पाण्यात कालवून मिसळावा, कारण उकळल्यास त्याचा सुगंध उडून जातो.