शोस्टॉपर हिरोईनच का?

प्रश्न: ताई, मी सोलापूरची, उंची पाच फूट नऊ, मॉडेल व्हायचंय. पण फॅशन शोला शेवटी हिरोईनच येते, मासिकांच्या कव्हरवर पण त्याच, मग आम्हाला काय चान्स?

उत्तर: अगं, शोस्टॉपर, म्हणजे शोच्या शेवटी रॅम्पवर येणारी, हिरोईन असली की दुसऱ्या दिवशी पेपरात डिझायनरचा फोटो येतो म्हणून तिला आणतात, पण बाकी अख्खा शो मॉडेलच ओढतात, बॅकस्टेजला घाईघाईत ड्रेस, सँडल बदलायचे की लगेच परत रांगेत, मला तर खरं कौतुक त्यांचंच वाटतं. आपली मॉडेल उज्ज्वला राऊत बघ, १९९६ ला ‘फेमिना लूक ऑफ द इयर’ ही मॉडेलिंगची स्पर्धा जिंकली आणि पुढं परदेशातले मोठमोठे रॅम्प गाजवले, हिरोईन नसताना! तुझी उंची मस्तय. मेकअप न करता साधे फोटो काढ, मुंबईच्या एजन्सींना पाठव, आणि रजिस्ट्रेशनचे पैसे आधी मागणाऱ्याला एक रुपया देऊ नको.